अमरकंद म्हणजे नेमका कोणता?

अमरकंदाची लागवड करा, कंदाला मागणी आहे, असे मेसेज फिरतात, म्हणून हे लिहितोय.

पहिली गोष्ट, अमरकंद हे एका झाडाचं नाव नाही. युलोफिया नावाची जमिनीत कंद धरणारी ऑर्किडं आपल्या सह्याद्रीत आहेत. त्यातल्या ओक्रिएटा, नुडा (हिला आता पुस्तकात स्पेक्टॅबिलिस म्हणतात), हर्बेशिया अशा बऱ्याच जातींचा कंद या एकाच नावाखाली खपतो. फुलात असताना ओळखायला अवघड नाही. ओक्रिएटाचा तुरा पिवळा. नुडाची फुलं मोठी, गुलाबी-जांभळट झाक असलेली. हर्बेशियाची ओठासारखी पाकळी पांढरी, तिच्यावर झालरीसारखे केस. पण कंद? सोलून, काप करून वाळवला की मीसुद्धा सांगू शकत नाही आणि विकणाराही नाही. औषध म्हणून घेणाऱ्याच्या पोटात काय जातंय हे मग कोणालाच माहीत नसतं.

यावर आपली कृषी पदवीधर पोरं म्हणतात, डीएनए टेस्ट करा की. करावी. वनस्पतींच्या बारकोडसाठी आरबीसीएल आणि मॅटके ही दोन जनुकं 2009 साली जगभरच्या शास्त्रज्ञांच्या गटाने सुचवली, शिवाय आयटीएस नावाचा तुकडाही वापरतात. वाळलेल्या कापातूनही उत्तर निघू शकतं, हा मोठाच फायदा. पण पहिली दोन हरितलवकातली, म्हणजे फक्त आईकडून आलेली. संकरित बाजरीचं बीजोत्पादन केलेल्यांना हे लगेच कळेल. नर-वांझपणा मादी ओळीकडून येतो, नराचा त्यात पत्ता नसतो, तसंच हे. दोन जातींचा संकर झाला असेल तर नुसता असा बारकोड अर्धीच गोष्ट सांगतो. अगदी जवळच्या जातींत तर कधीकधी फरकच दिसत नाही. आयटीएस केंद्रकातला, त्यामुळे तो जोडीला हवाच.

आणि मशीनमधून निघालेली अक्षरं जुळवायची कशाशी? ज्याचं नाव आधी कोणीतरी फूल बघून पक्कं केलंय अशा नमुन्याशीच. तो नमुनाच चुकीचा असेल तर पुढचं सगळं चुकीचं. असे नमुने पुण्यात जपलेले आहेत, कोरेगाव पार्कजवळ भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या कार्यालयात आणि आघारकर संशोधन संस्थेत (तीच, एमएसीएसचे गहू-सोयाबीन वाण देणारी). सांतापाव आणि कपाडियांचं मुंबई इलाख्यातल्या ऑर्किडांवरचं पुस्तक 1966 चं, त्याचा पायाही असलेच वाळवलेले नमुने. फक्त वाळल्यावर फुलाचा रंग उडतो. म्हणून रानात रंग लिहून ठेवणारा माणूस लागतो, आणि तो आपल्याइतका जवळ कोण आहे?

माझं मत सरळ आहे. फूल बघितल्याशिवाय नाव घालू नका. नाव नसलेला कंद लावू नका, विकू तर मुळीच नका. कंद उपटला की झाड गेलं. बी धुळीसारखं बारीक, त्यात अन्नसाठा नाही, जमिनीतली ठरावीक बुरशी भेटली तरच रुजतं. आल्या-हळदीसारखं पुढच्या हंगामात भरून येत नाही. शिवाय सगळी ऑर्किडं साइट्सच्या यादीत आहेत, परदेशी व्यापाराला परवाना लागतो. मेसेजवाले हे सांगत नाहीत.

जूनच्या पावसात तुरा दिसला तर पूर्ण तुऱ्याचा, फुलाचा समोरून आणि बाजूने असे फोटो काढा, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून. नुडाला तेव्हा पान नसतं, म्हणून जवळ काठी रोवून खूण करा. पान आलं की बोटभर तुकडा सिलिका जेलच्या पुडीबरोबर बंद डबीत ठेवा, वर तारीख आणि गाव लिहा. त्याच झाडाचं फूल आणि त्याच झाडाचं पान असेल तरच तपासणीला अर्थ आहे. कंदाला हात लावायची गरज नाही.