उधारीची वही मिटते तेव्हा

माळीवाड्याजवळच्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेले किराणा मालाचे दुकान गेल्या दिवाळीनंतर उघडलेच नाही. वर्तमानपत्रात बातमी यावी असे त्यात काही नाही. शहराच्या वाढत्या भागांत साखळी दुकाने आली, चार पैशांची सूट मिळू लागली आणि गिऱ्हाईक तिकडे वळले. प्रस्तुत लेखकाचे कुटुंबही त्यास अपवाद नाही. तेव्हा इतरांना दोष देण्याचा अधिकार त्याला नाही.

या स्वस्ताईला अर्थशास्त्रीय आधार आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. शेकडो दुकानांसाठी एकत्र खरेदी करणाऱ्या कंपनीला कारखानदार जो भाव देतो, तो दोन पोती साखर घेणाऱ्या दुकानदाराला कोण देणार? २०१२ साली केंद्र सरकारने किरकोळ व्यापारात परकीय भांडवलाला वाट मोकळी केली, तेव्हा केवढे वादळ उठले होते! ती परवानगी प्रारंभी दहा लाखांवर वस्तीच्या शहरांपुरतीच होती. आमच्या शहरात आले ते स्वदेशी भांडवल. परिणाम मात्र तोच झाला.

परंतु भावफलकावर न दिसणारी एक वस्तू या दुकानांत मिळत असे, ती म्हणजे पत. तासिका तत्त्वावर शिकवीत असताना आमचे मानधन चार-चार महिने रखडे. त्या दिवसांत घरात धान्य आले ते याच दुकानाच्या वहीवर. जामीन नव्हता, कागदपत्रे नव्हती. व्याज मुळीच नव्हते असे नव्हे. ते डाळ-तेलाच्या भावात थोडेसे मिसळलेले होते. म्हणजेच आपण जे चार पैसे अधिक मोजत होतो, तो अडचणीच्या दिवसांसाठी भरलेला विम्याचा हप्ता होता.

पगार नियमित होताच आपण तो हप्ता थांबवला. मागे उरले ते उधारीवाचून ज्यांचे चालत नाही असे हमाल, मोलकरणी, कंत्राटी कामगार. रोखीचे गिऱ्हाईक गेल्यावर केवळ उधारीवर दुकान चालत नाही. ते मिटते आणि गरिबाला सावकाराचे दार गाठावे लागते. मध्यमवर्गाच्या बचतीची किंमत अशी दुसराच कोणी चुकती करतो.

यावर उपाय नाही काय? बर्लिनच्या किरकोळ व्यापाऱ्यांनी १८९८ साली एकत्र येऊन सहकारी खरेदी संस्था काढली. त्या परंपरेतून वाढलेली ‘एडेका’ आज जर्मनीतील अग्रगण्य किराणा साखळी असून तिच्या अनेक दुकानांचे मालक स्वतंत्र व्यापारीच आहेत. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना ज्या जिल्ह्यात उभा केला, तेथील दुकानदारांना एकत्रित खरेदी अशक्य वाटावी, हे नवलच! सहकारात पुढे शिरलेले राजकारण या कामापासून दूर ठेवावे लागेल, आणि दुकानदारांनाही चोख वजन व स्वच्छता यांत हयगय करून चालणार नाही.

ते होईपर्यंत आपण शिक्षक-कारकुनांनी एवढे तरी करावे: महिन्याच्या यादीतील काही जिन्नस गल्लीतल्या दुकानातून, आणि तेही रोखीने आणावेत. आपल्या रोखीवरच शेजाऱ्याची उधारी उभी असते.