परवाना पाच वर्षांचा, तपासणी एका दिवसाची

नागझिऱ्याच्या जंगलाला लागून असलेल्या धानाच्या बांध्यांत रात्री रानडुकरांचा कळप घुसला, की सकाळी लोंब्या चिखलात मिळालेल्या असतात. अशा शेतकऱ्यासाठी 1959 च्या शस्त्र कायद्यात पीक राखणीकरिता ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची वेगळी तरतूद आहे. (डुक्कर मारण्याची परवानगी मात्र वन खात्याकडून निराळी घ्यावी लागते.) शहरात कारण बदलते: जिवाला धोका. अमेरिकेसारखा बंदूक बाळगण्याचा घटनात्मक हक्क आपल्याकडे नाही. परवाना द्यायचा की नाही, हे प्रशासन ठरवते. खरा प्रश्न पुढचा आहे. परवाना दिलेली बंदूक घरात आल्यावर काय होते?

फेब्रुवारी 2024 मध्ये दहिसरला माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांच्यावर झाडलेले पिस्तूल हल्लेखोराच्या अंगरक्षकाच्या परवान्याचे असल्याचे तपासात पुढे आले. त्याच वर्षी 1 ऑक्टोबरला अभिनेते गोविंदा यांच्या पायात स्वतःच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी घुसली. एका ठिकाणी हात दुसऱ्याचा, दुसऱ्या ठिकाणी निव्वळ अपघात. कागदपत्रे चोख असूनही यातले काहीच टळत नाही.

2016 च्या नियमांनुसार अर्जदाराला डॉक्टरांचे शारीरिक व मानसिक तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र लागते. नजर आणि रक्तदाब पाहून शिक्का मारण्याचे हे काम नव्हे. आणि नीट तपासले तरी ते प्रमाणपत्र त्या दिवसापुरतेच बोलते. 2019 च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे केली. एवढ्या काळात दारू लागते, कर्ज होते, नैराश्य येते, म्हातारपणी विसरभोळेपणा वाढतो.

आत्महत्येचा तीव्र विचार पुष्कळदा थोडाच काळ टिकतो. तेवढ्यात साधन हाताशी नसेल तर माणूस वाचतो. श्रीलंकेत अतिविषारी कीटकनाशकांवर बंदी आल्यावर आत्महत्या मोठ्या प्रमाणात घटल्या, त्या यामुळेच.

निवडणूक आली की परवानाधारक पोलीस ठाण्यात बंदूक जमा करतात, त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. घरात कुणी खचले असेल, पिणे वाढले असेल, तर तेव्हाही बंदूक घराबाहेर गेलेली बरी. माणूस ऐकत नसेल तर घरच्यांनी पोलिसांना कळवावे. कलम 17 नुसार परवाना निलंबित करता येतो. एरवी बंदूक आणि काडतुसे वेगवेगळ्या कुलपात ठेवावीत. ठासणीची बंदूक भरायला वेळ लागतो म्हणून ती भरूनच कोपऱ्यात उभी करण्याचा मोह होतो. लहान मुले असलेल्या घरात तो विशेष टाळावा. मनावरचा ताण असह्य झाला तर ‘टेलिमानस’च्या 14416 या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतूनही बोलता येते.