खेळ स्वतःचा, सातबारा परक्याचा

१२ सप्टेंबर २०२३ या दिवशी जगभरातील छोट्या गेम-निर्मात्यांना आपली खरी पायरी कळली. युनिटी या कंपनीने त्या दिवशी घोषणा केली की, तिच्या इंजिनावर तयार झालेल्या खेळाने वर्षाला २ लाख डॉलरची कमाई आणि एकूण २ लाख प्रतींचा टप्पा ओलांडला की, पुढे बसवल्या जाणाऱ्या प्रत्येक प्रतीमागे निर्मात्याने कंपनीला २० सेंटपर्यंत रक्कम मोजावयाची. अंमलबजावणी १ जानेवारी २०२४ पासून होणार होती. आधीच बाजारात आलेले, जुन्या अटींच्या भरवशावर तयार केलेले खेळही या आकारणीतून सुटणार नव्हते. वर्षानुवर्षे स्वतःला अभिमानाने ‘स्वतंत्र’ म्हणवून घेणाऱ्या निर्मात्यांना एका सकाळी उमगले की, आपण मालक नसून कुळे आहोत आणि खंड किती द्यावयाचा हे सावकार ठरवणार आहे.

ही तुलना अतिशयोक्तीची वाटत असेल, तर गेम इंजिन म्हणजे काय, हे समजून घेतले पाहिजे. पडद्यावर चित्र उमटवणे, उडी मारलेल्या पात्राला पुन्हा जमिनीवर आणणे, आवाज वाजवणे, कळ दाबताच प्रतिसाद देणे ही सारी कामे इंजिन करते. निर्माता त्यावर कथा, चित्रे, संगीत आणि खेळाचे नियम चढवतो. ‘इंजिन हे केवळ अवजार आहे, सुताराने करवत कोणाची घेतली याला काय महत्त्व?’ असा युक्तिवाद नेहमी केला जातो. तो मुळातच फसवा आहे. टेबल तयार झाल्यावर करवत सुताराकडेच राहते. ती टेबलाबरोबर गिऱ्हाइकाच्या घरी जात नाही. इंजिन मात्र खेळाच्या प्रत्येक प्रतीबरोबर खेळणाऱ्याच्या यंत्रात जाऊन बसते. ते काढून घेतले, तर खेळ उभाच राहत नाही. इंजिन ही करवत नव्हे, ती जमीन आहे. आणि ‘कसेल त्याची जमीन’ हे सूत्र १९४८ च्या कुळकायद्यामुळे ज्या महाराष्ट्राच्या अंगवळणी पडले, त्या महाराष्ट्राला तरी हा फरक वेगळा समजावून सांगण्याची आवश्यकता नसावी.

खंड माफ झाला, जमीन मिळाली नाही

निर्मात्यांनी गदारोळ केला. दहा दिवसांत, २२ सप्टेंबरला, कंपनीने दोन पावले मागे घेतली. ऑक्टोबरमध्ये मुख्याधिकारी जॉन रिचितिएल्लो पायउतार झाले. १२ सप्टेंबर २०२४ रोजी खेळांवरील ही आकारणी पूर्णतः रद्द झाली. यावरून काही भाबडी मंडळी असा निष्कर्ष काढतात की, बाजारानेच न्याय केला, आता चिंतेचे कारण उरले नाही. वस्तुस्थिती काय आहे? ज्या घोषणेने आकारणी रद्द झाली, त्याच घोषणेने व्यावसायिक परवान्याचे शुल्क ८ टक्क्यांनी आणि मोठ्या कंपन्यांच्या परवान्याचे २५ टक्क्यांनी वाढले. सावकाराने एका वर्षीचा खंड माफ केला म्हणून सातबाऱ्यावर कुळाचे नाव चढत नाही. जो अधिकार २०२३ मध्ये वापरून पाहिला गेला, तो आजही त्याच हातात आहे.

या प्रकरणाचे मर्म ‘फुकट’ आणि ‘मुक्त’ या दोन शब्दांतील भेदात आहे. युनिटीची वैयक्तिक आवृत्ती नवशिक्यांना फुकटच मिते असे नव्हे, तर ती आवर्जून फुकटच ठेवली जाते. अशी फुकट गोष्ट देणाऱ्याच्या मर्जीवर टिकते. मुक्त गोष्ट देणाऱ्याची मर्जी फिरली तरी टिकते. फुकटाच्या मोहाने आलेला विद्यार्थी चार वर्षांत त्या इंजिनाच्या सवयींचा बंदी होतो आणि मग सुटकेची किंमत त्याला परवडेनाशी होते.

मुक्त जमीन उपलब्ध होती

हे सारे अटळ होते, असेही नव्हे. अर्जेंटिनातील हुआन लिनिएत्स्की आणि एरियल मान्झूर यांनी विकसित केलेले ‘गोदो’ हे इंजिन २०१४ पासून एमआयटी परवान्याखाली खुले आहे. ते कोणीही वापरावे, बदलावे, त्यावर केलेला खेळ विकावा. हक्कसूचना कायम ठेवावी, एवढीच अट. त्याचा सोर्स कोड प्रत्येकाला उतरवून घेता येतो आणि एकदा दिलेला परवाना कोणाही मुख्याधिकाऱ्याला मागे घेता येत नाही. लिनक्सवर ते विंडोजइतक्याच सहजतेने चालते. म्हणजे संगणकाच्या प्रणालीपासून तयार खेळापर्यंत एकाही ठिकाणी कोणाची परवानगी मागावी लागत नाही.

युनिटीच्या घोषणेनंतर ‘टेरारिया’ या खेळाच्या निर्मात्या री-लॉजिक कंपनीने गोदोला एक लाख डॉलर दिले. विशेष म्हणजे त्यांचा खेळ गोदोवर केलेला नव्हता. ‘स्ले द स्पायर’ या पत्त्यांच्या खेळाच्या निर्मात्या मेगा क्रिट कंपनीने दोन वर्षांहून अधिक काळ चाललेले काम युनिटीवरून उचलले आणि खेळाचा दुसरा भाग गोदोवर उभारला. दोन वर्षांच्या श्रमांची पुनर्मांडणी करणे सोपे नसते. तरीही त्यांनी ते केले. कारण पुढच्या दहा वर्षांची अनिश्चितता त्याहून महाग होती.

लिनक्सवरील खेळांचा इतिहासही हेच सांगतो. १९९८ मध्ये स्थापन झालेली लोकी सॉफ्टवेअर ही कंपनी गाजलेले खेळ लिनक्सवर आणत असे. जानेवारी २००२ मध्ये ती बुडाली. परंतु तिच्यात काम केलेल्या सॅम लँटिंगा यांनी घडवलेली ‘एसडीएल’ ही मुक्त संहिता बुडाली नाही. आजही असंख्य खेळ तिच्या आधाराने पडद्यावर उतरतात. त्याच वर्षी ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या प्रणालीमागची कंपनी बंद पडली, तेव्हा वापरकर्त्यांनी सात आठवड्यांत एक लाख युरो गोळा करून तिचा सोर्स कोड मुक्त करविला. त्याच ब्लेंडरवर तयार झालेल्या लाटवियाच्या ‘फ्लो’ या चित्रपटाने २०२५ मध्ये ऑस्कर पटकावले. कंपन्या येतात आणि जातात. मुक्त परवाना मिळालेले अवजार मागे उरते.

आक्षेप आणि त्यांची किंमत

लिनक्सवर खेळणारे मूठभर, त्यांच्यासाठी कोण कष्ट घेणार, असा एक आक्षेप आहे. स्टीम या दुकानाच्या पाहणीत लिनक्सचा वाटा ऑक्टोबर २०२५ मध्ये ३ टक्क्यांच्या वर गेला. संख्या लहानच आहे. परंतु येथे प्रश्न गिऱ्हाइकाचा नसून कारागिराचा आहे. लिनक्सवर मुक्त इंजिनाने केलेला खेळ विंडोजवरही विकता येतोच. शिवाय हे मूठभर कृपणही नाहीत. मे २०१० मध्ये ‘हंबल इंडी बंडल’ या उपक्रमात ‘वाटेल ती किंमत द्या’ असे आवाहन केले गेले, तेव्हा लिनक्सवाल्यांनी सरासरीने विंडोजवाल्यांपेक्षा अधिक पैसे मोजले.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. सोनी, निन्टेंडो यांच्या यंत्रांची तांत्रिक माहिती गोपनीयतेच्या करारात बंद असल्याने गोदोवरून तेथे थेट जाता येत नाही. मध्यस्थ कंपनीची मदत घ्यावी लागते. हे खरे आहे. पण कुलूप ज्याने लावले त्याला सोडून, किल्ली नसलेल्याला दोष देणे हा कोठला न्याय?

मात्र लिनक्सच्या गोटातील आत्मसंतुष्टतेलाही चिमटा काढणे भाग आहे. वाल्व्ह कंपनीने २०१८ मध्ये ‘प्रोटॉन’ आणले, २०२२ मध्ये लिनक्सवर चालणारे ‘स्टीम डेक’ हे हातातील यंत्र आणले आणि विंडोजसाठी केलेले हजारो खेळ लिनक्सवर चालू लागले. जल्लोष झाला. परिणामी लिनक्ससाठी स्वतंत्र आवृत्ती करण्याची गरजच अनेकांना वाटेनाशी झाली. प्रोटॉनचा सोर्स कोड खुला आहे, हे मान्य. पण दुकानाची किल्ली एकाच कंपनीच्या खिशात आहे आणि सामान्य निर्मात्याच्या विक्रीतील ३० टक्के वाटा तेथेच जातो. दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिणाऱ्याने ओंजळ चांदीची आहे म्हणून हरखून जाऊ नये.

भारताने काय निवडावे?

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा ‘राजी’ हा खेळ २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. दुर्गा आणि विष्णू यांच्या आशीर्वादाने लढणाऱ्या एका मुलीची कथा त्या खेळाने जगापुढे नेली, ही अभिमानाचीच गोष्ट. पण त्याचे इंजिन अनरियल हे अमेरिकन आहे आणि त्या इंजिनाच्या नियमानुसार दहा लाख डॉलरपलीकडील कमाईवर ५ टक्के स्वामित्वशुल्क लागते. कथा भारताची, कारागिरी पुण्याची आणि जमीन उत्तर कॅरोलिनातल्या कंपनीची. दोष त्या गुणी कलावंतांचा नाही. त्यांच्यापुढे दुसरा पर्याय कोणी उभाच केला नव्हता.

तो उभा करण्याचे दायित्व शासनाचे आणि शिक्षणसंस्थांचे आहे. केंद्र सरकारने २०१५ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण स्वीकारले. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने २००७ मध्ये ‘बॉस’ ही भारतीय लिनक्स प्रणाली आणली. केरळमध्ये आलटून पालटून सत्तेवर आलेल्या आघाड्यांशी कोणाचा कितीही वैचारिक विरोध असो, तेथील सरकारी शाळांनी संगणकशिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर चालवून दाखवले, हे नाकारता येणार नाही. मग २०२५ मध्ये मुंबईत गेम आणि ॲनिमेशनच्या शिक्षणासाठी राष्ट्रीय संस्था उभी राहत असताना घोषणांत गूगल, मायक्रोसॉफ्ट, ॲडोबी यांच्याशी सहकार्याचाच गजर का व्हावा? या कंपन्यांना दारे बंद करा, असे कोणी म्हणत नाही. पण जनतेच्या पैशावर चालणाऱ्या वर्गात गोदो, ब्लेंडर आणि लिनक्स यांना किमान बरोबरीचे स्थान हवे, आणि सरकारी अनुदानातून झालेला प्रत्येक खेळ लिनक्सवर चाललाच पाहिजे, अशी अट हवी.

गोदो भारतात जन्मलेले नाही, हे खरे. परंतु स्वावलंबनाची कसोटी अवजाराचे जन्मस्थान ही नसून त्यावरील ताबा ही आहे. भारतात घडलेले पण कुलूपबंद इंजिन उद्या विकले गेले, तर त्यावरचा निर्माता पुन्हा कूळच ठरेल. अर्जेंटिनात घडलेले मुक्त इंजिन मात्र जो कसेल त्याचे आहे. संगणकापुढे बसलेल्या तरुणाने पहिला खेळ करायला घेण्यापूर्वी एवढाच प्रश्न विचारावा : या जमिनीचा सातबारा कोणाच्या नावावर आहे?