कपाट रिकामे करा. पण उतरण वाटू नका!

वर्षावास संपत आला, अशोक विजयादशमी तोंडावर आली की आपल्या वस्त्यांतून घरांची साफसफाई सुरू होते. भिंतींना रंग लागतो, भांडी घासून निघतात आणि सर्वांत शेवटी पाळी येते ती कपाटाची. कपाट उघडावे तर कपड्यांचा ढीग अंगावर कोसळतो. लग्नातला कोट पोटावर बसत नाही. पॅंटचे बटण लागत नाही. ब्लाऊज तंग झालेले असतात आणि मुलांचे गणवेश एका वर्षात आखूड झालेले असतात. ‘पुढेमागे बारीक झालो तर होतील’ या आशेवर ठेवलेले कपडे दहा-दहा वर्षे तसेच पडून राहतात. या सगळ्याचे करायचे काय, हा प्रश्न आज लोणारसारख्या तालुक्याच्या गावातील नोकरदार बौद्ध कुटुंबालाही पडतो. वरवर पाहता प्रश्न घरगुती आहे. परंतु ज्या समाजाच्या अंगावर काय असावे आणि काय नसावे हे शेकडो वर्षे दुसऱ्यांनी ठरविले, त्या समाजाला तो केवळ घरगुती मानता येणार नाही. म्हणून या विषयावर लिहिणे आम्हाला अगत्याचे वाटते.

आपल्या पूर्वजांच्या अंगावरचे कापड कोठून येत होते? मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायातील ५२व्या श्लोकाने चांडाळांना मृतांच्या अंगावरची वस्त्रे नेमून दिली. त्याच अध्यायाच्या १२५व्या श्लोकाने सेवा करणाऱ्या शूद्राला उष्टे अन्न आणि जीर्ण वस्त्रे द्यावीत असे सांगितले. उष्टे अन्न आणि जुने कापड एकाच श्लोकात, एकाच रांगेत बसविले आहे, हे लक्षात घेतले पाहिजे. गावगाड्यात हेच पोथीतले वचन व्यवहार बनले. महारकीच्या मोबदल्यात जे मिळे त्यात मढ्यावरचे कापड हा एक ‘हक्क’ मानला गेला. गुलामाच्या गळ्यातल्या साखळीला दागिना म्हणावे, तसा हा हक्क! वरच्याने अंगावरून उतरवायचे आणि खालच्याने अंगावर चढवायचे, म्हणून त्या कापडाचे नावच उतरण पडले.

बरे, जुने घालावे लागले एवढ्यावरच हे थांबले नाही. नवे घालण्यास बंदी होती. त्रावणकोरात नाडर स्त्रियांना अंगाचा वरचा भाग झाकण्याच्या अधिकारासाठी कित्येक वर्षे झगडावे लागले, तेव्हा कोठे १८५९ साली राजाज्ञा निघाली. इंदूर भागातील बलाई समाजावर गावकऱ्यांनी लादलेले नियम बाबासाहेबांनी ‘जातिभेदनिर्मूलन’ या ग्रंथात जानेवारी १९२८ च्या वृत्तपत्राचा दाखला देऊन नोंदविले आहेत. जरीच्या काठाची पगडी घालू नये, रंगीत वा नक्षीदार काठाचे धोतर नेसू नये, बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालू नयेत. धोतराचा काठ कोणत्या रंगाचा असावा यावर गावाची पंचायत बसत होती! कपडा म्हणजे केवळ लाज झाकण्याचे साधन नव्हे, तो माणसाची पायरी दाखविणारा बिल्ला होता.

हा बिल्ला बाबासाहेबांनी ओळखला. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या ज्या परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले, त्याच परिषदेच्या वेळी त्यांनी जमलेल्या स्त्रियांना लुगडे नेसण्याची पद्धत बदलण्यास सांगितले. ज्या वस्त्रावरून, ज्या गळ्यातल्या जाडजूड दागिन्यांवरून आपण अस्पृश्य म्हणून ओळखले जातो ते सोडा; कपडा फाटका असला तरी चालेल, पण तो स्वच्छ असू द्या, असा त्यांचा उपदेश होता. एकीकडे ग्रंथ जळाला आणि दुसरीकडे त्या ग्रंथाने अंगावर चढविलेला वेष उतरला. बाबासाहेबांच्या अंगावरील कोट आणि टाय यांची टिंगल करणाऱ्यांना हे कधीच कळले नाही. ज्यांना कधी उतरण घालावी लागली नाही, त्यांना साधेपणाचे व्रत परवडते. ज्यांना उतरणीखेरीज काही मिळाले नाही, त्यांच्या पुढाऱ्याने स्वतःच्या मापाचा सूट शिवून घेणे ही क्रांती असते. आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो लोक पांढऱ्या वस्त्रांत उभे राहिले, तेव्हा ती वस्त्रे कोणी दिलेली नव्हती. ती त्यांनी स्वतःच्या कष्टाच्या पैशातून घेतली होती, धुतली होती आणि स्वाभिमानाने अंगावर घातली होती.

आम्ही वकिली करतो, म्हणून कायद्याचीही साक्ष काढतो. १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्यात, म्हणजे आजच्या नागरी हक्क संरक्षण कायद्यात, दागिने व चांगली वस्त्रे वापरण्यास अस्पृश्यतेच्या कारणावरून अडविणे हा गुन्हा ठरविण्यात आला. त्यानंतर साठ वर्षे गेली. तरीही १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ साली दुरुस्ती करून, अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला सार्वजनिक ठिकाणी पादत्राणे किंवा नवे कपडे घालण्यास अडथळा करणे हा गुन्हा आहे असे कलम ३ मध्ये स्पष्ट शब्दांत लिहावे लागले. २६ जानेवारी २०१६ पासून ही दुरुस्ती अमलात आहे आणि त्यासाठी सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ‘नवे कपडे’ हे दोन शब्द एकविसाव्या शतकात फौजदारी कायद्यात घालावे लागतात, यावरून या देशात कपड्याचा प्रश्न किती जिवंत आहे हे कळावे.

आता आपल्या कपाटाकडे वळू. बाबासाहेबांच्या पुण्याईने शिक्षण आले, नोकरी आली, हातात पैसा आला. आजोबांना एका धोतरावर वर्ष काढावे लागे. नातवाच्या कपाटाचे दार लागत नाही. याचा आम्हाला आनंदच आहे. चांगले कपडे घालणे हा आपला अधिकार आहे आणि त्याबद्दल कोणी लाजण्याचे कारण नाही. परंतु कपाट रिकामे करताना आपण काय करतो? बटणे तुटलेली, डाग पडलेली, काखेत विरलेली वस्त्रे एका पिशवीत कोंबतो आणि गल्ली झाडणाऱ्या बाईला, पालावरच्या पारधी कुटुंबाला किंवा वीटभट्टीवरच्या मजुराला ‘घेऊन जा’ म्हणतो. वर दान केल्याचे समाधान मिळवतो. एखादा उत्साही कार्यकर्ता तर घेणाऱ्याचा फोटो काढून सगळीकडे फिरवतो. आम्ही विचारतो, मग आपल्यात आणि उतरण टाकणाऱ्या पाटलात फरक काय राहिला? पाटलाच्या ओट्यावर आपण जाऊन बसलो, एवढाच बदल झाला असेल तर ती समता नव्हे.

‘गरिबाला काहीही चालते, त्याची थंडी तर भागते’ असे काहीजण म्हणतात. हाच युक्तिवाद एकेकाळी आपल्याबाबतीत केला जात होता, याचा त्यांना विसर पडला आहे. अंगुत्तर निकायात तथागतांनी असत्पुरुषाच्या दानाची पाच लक्षणे सांगितली आहेत. अनादराने देणे, घेणाऱ्याचा मान न ठेवता देणे, स्वतःच्या हाताने न देणे, फळाचा विचार न ठेवता देणे ही त्यातील चार. आणि पाचवे, टाकून द्यायची वस्तू देणे. अडीच हजार वर्षांपूर्वी सांगितलेले हे लक्षण आपल्या पिशवीला तंतोतंत लागू पडते.

येथे कोणी म्हणेल की भिक्खूंनीही उकिरड्यावरचे आणि स्मशानातले कापड उचलून चीवर केले, मग जुन्या कपड्यात कमीपणा कसला? प्रश्न योग्य आहे. पांसुकूल चीवर खरोखरच टाकलेल्या चिंध्यांचे असे. परंतु मनूच्या चांडाळाला प्रेताचे वस्त्र सक्तीने घालावे लागे, आणि भिक्खू तेच वस्त्र स्वेच्छेने उचले, धुवे, कापे, शिवे, रंगवे आणि राजासमोर ताठ मानेने उभा राही. त्यात राजघराण्यातून आलेलेही होते आणि न्हावी उपालीही होता. सर्वांचे वस्त्र एकच. कापड तेच, फरक आहे तो नाकारण्याच्या अधिकाराचा. जे नाकारता येते ते दान किंवा देवाणघेवाण. जे नाकारता येत नाही ती उतरण. आमच्या मते सगळा विषय या एका कसोटीत सामावलेला आहे.

म्हणूनच भांड्यांच्या बदल्यात जुने कपडे घेणारी बोहारीण आम्हाला या दात्यांपेक्षा बरी वाटते. ती साडी उलगडून पाहते, भोक दाखविते, ‘ही नाही चालणार’ म्हणते आणि एका पातेल्यासाठी दोन पॅंट जास्त मागते. घरची बाई आणि ती समोरासमोर बसून घासाघीस करतात. त्यात कोणी दाता नाही, कोणी याचक नाही. पुढे तेच कपडे दुरुस्त होऊन बाजारात विकले जातात आणि कष्टकऱ्याला आपल्या पैशाने निवडून घेता येतात.

विनयपिटकातील चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. कौशांबीचा राजा उदेन याच्या राण्यांनी भन्ते आनंदांना ५०० चीवरे दिली. राजाला राग आला. हा श्रमण आता कापडाचे दुकान घालणार की काय, असे त्याला वाटले. त्याने विचारले, एवढ्या वस्त्रांचे काय करणार? आनंदांनी सांगितले, ज्या भिक्खूंची चीवरे विरली आहेत त्यांना वाटून देऊ. मग त्या विरलेल्या चीवरांचे काय? त्यांची अंथरुणावर घालण्याची पांघरुणे होतील. जुन्या पांघरुणांच्या गाद्यांच्या खोळी, खोळी फाटल्या की जमिनीवरची अंथरणे, त्यांची पायपुसणी, पायपुसण्यांची झाडणी. आणि झाडणी झिजली की ती तोडून चिखलात कालवून जमीन सारवू. राजा प्रसन्न झाला व त्याने आणखी ५०० वस्त्रे दिली. यात पहिली गोष्ट ध्यानात घ्यावी, की नवे वस्त्र गरजवंताला गेले आणि जुन्याचा शेवट ज्याने ते वापरले त्यानेच केला.

आपल्या आयाआज्यांनी हा विनय वाचला नव्हता, पण पाळला होता. लुगडे मधोमध विरले की विरलेला भाग काढून दंड घातला जाई. त्याचे जुनेर झाले की बाळाची दुपटी, मग वाकळ, मग डोक्यावरची चुंबळ आणि शेवटी सारवणाचे पोतेरे. ही साखळी आज तुटली, त्याला एक कारण कापड बदलले हेही आहे. सुताचे लुगडे घाम आणि पाणी शोषून घेत होते, मातीत पडले तर कुजत होते. पॉलिस्टर पाणी शोषत नाही, त्याचे धड पोतेरे होत नाही आणि ते मातीत वर्षानुवर्षे तसेच राहते. ज्या बुलडाणा जिल्ह्यात कापूस पिकतो, ज्या जिल्ह्यातील खामगाव कापसाची जुनी बाजारपेठ आहे, तेथेच आपण स्वस्त पॉलिस्टरचे ढीग विकत घेतो आणि नाल्यात टाकतो. लोणारच्या सरोवराला २०२० साली रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. त्याच्या परिसरात कपड्यांची गाठोडी टाकणे हा त्या वारशाचा अवमान ठरेल.

मग करावे काय? आम्ही काही गोष्टी सुचवितो. पहिली, ठेवण्यासारखे एखादे-दुसरेच ठेवावे. नागपूरजवळच्या चिचोलीच्या शांतिवनात बाबासाहेबांच्या वापरातील वस्त्रे जपून ठेवली आहेत, कारण ती समाजाचा इतिहास आहेत. आपल्या घरातही आजोबांनी दीक्षेला घातलेला सदरा असेल तर तो जपावा, त्याची हकिगत लिहून ठेवावी. बाकीचा मोह सोडावा. जो कपडा आज अंगाला होत नाही, तो ज्याला होईल त्याच्या अंगावर असला पाहिजे; कपाटात नव्हे.

दुसरी, जे आपण स्वतः घालून जयंतीच्या मिरवणुकीत जाणार नाही, ते दुसऱ्याला देऊ नये. फाटक्या, डागाळलेल्या कपड्यांचा शेवट घरीच करावा. देण्याजोगे धुऊन, इस्त्री करून, बटणे लावून द्यावेत. लोणारचा आणि स्वच्छतेचा संबंध जुना आहे. या भागात काच आणि साबण करण्याचे साहित्य मिळते, अशी नोंद ‘आईन-ए-अकबरी’त आहे. ज्या गावच्या खाराने जगाचे कपडे धुतले, त्या गावाने मळके कपडे वाटू नयेत!

तिसरी, हे काम विहारातून व्हावे. वर्षावासानंतर आपण भिक्खुसंघाला कठिन चीवरदान करतो. त्याच महिन्यात महिला मंडळाने विहारात एक कपाट ठेवावे. मापाप्रमाणे घड्या लावाव्यात. ज्याला हवे त्याने स्वतः पाहावे, अंगाला लावून पाहावे, आवडले तर न्यावे, न आवडले तर ठेवून जावे. नाव लिहू नये, फोटो काढू नये. जून महिन्यात गणवेशांची अदलाबदल व्हावी. त्यात वकिलाचा मुलगाही असावा आणि मजुराचाही. मुलाखतीला जाणाऱ्या मुलामुलींसाठी कोट आणि चांगल्या साड्या असाव्यात. वकिलीची सनद नव्याने घेतलेल्या गरीब मुलाला काळा कोट विकत घेणे किती जड जाते, हे आम्ही जाणतो. महाराष्ट्रातील अनेक शहरांत ‘माणुसकीची भिंत’ उभी राहिली, तिचा हेतू चांगलाच आहे. परंतु भिंतीवर चिंध्या लटकू लागल्या की माणुसकी संपते. १९९९ साली सुरू झालेल्या ‘गूंज’ या संस्थेने कपडा भीक म्हणून न देता गावकऱ्यांनी केलेल्या रस्ते, विहिरी यांसारख्या सार्वजनिक कामाचा मोबदला म्हणून दिला, आणि तिचे संस्थापक अंशू गुप्ता यांना २०१५ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. स्वाभिमान राखून कपडा देता येतो, याचा हा पुरावा आहे.

१९८१ साली फ्रान्सिस कोराली मुलिन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जगण्याच्या हक्कात अन्न आणि निवाऱ्याबरोबर वस्त्राचाही समावेश केला व हे जगणे माणसाच्या प्रतिष्ठेसह असले पाहिजे असे सांगितले. वस्त्र हा हक्क असेल तर तो कोणाच्या कपाटातल्या अडगळीवर अवलंबून राहू नये, यासाठी मजुरी, शिक्षण आणि जमीन यांची लढाई चालूच ठेवावी लागेल. पण तोपर्यंत आपल्या हातात जे आहे ते तरी नीट करू या. या विजयादशमीला कपाट जरूर रिकामे करा. मात्र पिशवी बांधण्यापूर्वी त्यातला एक-एक कपडा हातात घ्या आणि स्वतःला विचारा, हा कोणी आमच्या आजीपुढे टाकला असता तर आम्हाला चालले असते काय? उत्तर ‘नाही’ असेल, तर त्या कपड्याचे पोतेरे करा.

जयभीम!