स्वतःचाच शिष्य

विद्या बुद्धींत वसते कीं हातांत, असें कोणीं विचारल्यास आपण सहजच 'बुद्धींत' असें उत्तर देऊं. परंतु पॅट मार्टिनो या अमेरिकन गिटारवादकाचें चरित्र वाचलें म्हणजे तें उत्तर तितकें सोपें वाटत नाहीं.

त्याचा जन्म १९४४ सालीं फिलाडेल्फिया शहरीं झाला. बाराव्या वर्षीं त्यानें गिटार हातीं घेतली आणि कोवळ्या वयांतच शाळा सोडून तो न्यूयॉर्कच्या हार्लेम भागांतील वादकांत जाऊन मिळाला. त्याचें संगीत जॅझ. अमेरिकेंतील कृष्णवर्णीय समाजांत वाढलेल्या या प्रकारांत, आपला गवई बंदिशीचा करितो तसा, वादक मूळ चालीचा विस्तार आयत्या वेळीं करितो. १९६७ सालीं 'एल् ओंब्रे' ही त्याच्या नांवाची पहिली ध्वनिमुद्रिका तयार झाली, तेव्हां तो अवघा २२ वर्षांचा होता.

पुढें १९७६ च्या सुमारास त्याला झटके येऊं लागले. निदान चुकलें; मानसिक विकार समजून विजेचे धक्केहि देण्यांत आले. खरें कारण मेंदूंतील रक्तवाहिन्यांचा जन्मजात गुंता हें होतें. १९८० सालीं शस्त्रक्रिया होऊन प्राण वांचले. पण शुद्धीवर आल्यावर त्याला समोरचे आईबाप ओळखतां येईनात! आपण वादक होतों, हेंहि तो विसरला होता.

घरीं आणल्यावर वडील त्याच्याच जुन्या ध्वनिमुद्रिका लावून ठेवीत. पित्याची तळमळ आपणांस समजते. परंतु माडीवर अंथरुणांत पडून ते सूर ऐकणाऱ्या मुलास त्यांचा जाचच होई. एका परक्या माणसाची कीर्ति ऐकवून 'हा तूंच' असें त्याला सांगितलें जात होतें!

कालांतरानें त्यानें गिटार पुन्हां हातीं घेतली. कीर्तीसाठीं नव्हे, मूल खेळणें घेतें तशी. बोटें फिरूं लागलीं तसतशी त्यांच्यांत दडलेली जुनी संवय जागी झाली, आणि एके काळीं जाचक वाटलेल्या ध्वनिमुद्रिकाच त्याच्या गुरु झाल्या. १९८७ सालीं न्यूयॉर्कमध्यें त्यानें श्रोत्यांसमोर केलेल्या वादनाच्या मुद्रिकेचें नांव 'द रिटर्न', म्हणजे पुनरागमन. त्यानंतर तीस वर्षें तो वाजवीत राहिला. २०२१ सालीं, ७७ व्या वर्षीं, तो निवर्तला.

मुलें तेच तेच पलटे घोटूं लागलीं कीं आपण त्रासतों. तें घोटणें कोठें जाऊन सांठतें, हें या चरित्रावरून उमगतें. मात्र आईबापांनीं एवढेंहि ध्यानांत ठेवावें कीं, वडिलांनीं ठेवा जपला खरा. तो उघडला मुलाच्या स्वतःच्या आवडीनेंच.