छान झाली आहे कविता

आमच्या साहित्य मंडळात गेल्या नऊ वर्षांत एकही कविता वाईट झालेली नाही. वाचकांना ही अतिशयोक्ती वाटेल. परंतु मंडळाचे इतिवृत्त लिहिण्याचे काम पहिल्यापासून आमच्याकडेच आहे आणि त्या दोन जाडजूड वह्या आत्ता आमच्यापुढे उघड्या आहेत. 'कविता भावली', 'आशय हृदयस्पर्शी', 'उपस्थितांनी टाळ्यांच्या गजरात दाद दिली' — कोणतेही पान उघडावे, हेच. एकदा, फक्त एकदाच, 'शेवटचे कडवे अनावश्यक वाटते' असे वाक्य आढळते, आणि त्यावर नंतर शाईने काट मारलेली आहे. ती काट आमच्याच हातची आहे.

आम्ही दोघेही येथील महाविद्यालयात मराठी शिकवतो. गाव तालुक्याचे, सांगली जिल्ह्यातले, कृष्णेच्या काठचे. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुपारी चार वाजता नगरवाचनालयाच्या वरच्या मजल्यावर पंधरा-सतरा माणसे जमतात. निवृत्त तलाठी, जिल्हा परिषद शाळेतले तीन शिक्षक, पतसंस्थेतला एक लेखनिक, चार-पाच गृहिणी, आमच्याच वर्गातली काही मुले आणि एसटीतून निवृत्त झालेले एक वाहक. चहा-भज्यांसाठी प्रत्येकी वीस रुपये काढायचे, आणि ज्याने त्याने आपापले वाचायचे.

हे मंडळ म्हणजे केवळ लेखन नव्हे. श्रावणात सागरेश्वरला सहल निघते, कोजागरीला कोणाच्या तरी गच्चीवर दूध आटते, संक्रांतीला दोन जीप करून औदुंबरला जायचे असते. कवी सुधांशू आणि त्यांच्या सोबत्यांनी त्या लहानशा गावात सदानंद साहित्य मंडळ उभे केले आणि दर संक्रांतीला नदीकाठी संमेलन भरवण्याची रीत घातली. आमच्या भागातल्या प्रत्येक मंडळाच्या मनात त्याचेच चित्र असते. परतताना जीपमध्ये तिळगुळाबरोबर भेंड्या रंगतात. सभासदांपैकी कोणाच्या मुलीचे लग्न ठरले की मंगलाष्टके मंडळाकडूनच जातात, आणि कोणाकडे दुःखाचा प्रसंग आला की वाचनालयाच्या पायऱ्यांवरून सगळे एकत्रच तिकडे निघतात.

शहरातले आमचे काही व्यवसायबंधू अशा मंडळांना हसतात. निवृत्तांची करमणूक, हौशी यमकांचा बाजार, शाल-श्रीफळाची देवाणघेवाण असे ते म्हणतात. आम्हांला हे हसणे मान्य नाही. आमच्या एका सभासद बाईंना महिन्यातून एकदा घराबाहेर पडून दोन तास स्वतःचे म्हणून बसता येते ते या मंडळामुळेच. मुलीच्या जुन्या वह्यांच्या कोऱ्या उरलेल्या पानांवर त्या लिहितात. साठीतला तलाठी आणि एकोणीस वर्षांचा मुलगा एकाच सतरंजीवर बसून एकाच ओळीविषयी बोलतात, असे ठिकाण गावात दुसरे कोणते आहे? ना देवळात, ना ग्रामसभेत. तेव्हा मंडळ बंद पडावे असे आम्हांला मुळीच वाटत नाही. आमचे दुखणे निराळे आहे, आणि ते समजण्यासाठी त्या वाहककाकांची गोष्ट सांगितली पाहिजे.

काका कविता लिहीत. आई, पाऊस, सासरी निघालेली लेक, शेतकरी, पुन्हा आई. यमके चोख, चाल ओळखीची, आवाज खणखणीत. टाळ्या सर्वांत जास्त त्यांनाच मिळत. परंतु चहाच्या वेळी, वही मिटल्यावर, ते जे बोलत ते ऐकताना आम्ही कप हातात तसाच धरून ठेवत असू. मुक्कामाची गाडी घेऊन डोंगरातल्या एखाद्या गावी रात्री पोहोचायचे, टपावर किंवा सीटवर अंथरूण टाकायचे, पहाटे साडेपाचला गारठ्यात तीच गाडी परत काढायची. सुट्या पैशांवरून रोज होणारी तीच भांडणे. तिकिटांची पेटी, पंचाची टिकटिक आणि त्या आवाजावरून गर्दीतला नेहमीचा प्रवासी कसा ओळखायचा ते. एक म्हातारी आठवड्याच्या बाजाराला येताना कोंबडीचे तिकीट काढावे लागू नये म्हणून ती पदराखाली घेई आणि कोंबडी नेमकी तिकीट फाडतानाच ओरडे. हे सगळे ते सांगत, पण लिहीत नसत. लिहायला बसले की आई आणि पाऊस.

आम्हांला हे दिसत होते. आमचा व्यवसायच तो आहे. कोणाच्या लेखनात जीव कुठे आहे हे ओळखण्याचा पगार आम्ही घेतो. तरीही आम्ही बोललो नाही. कवितेला 'छान झाली आहे' म्हणालो आणि गप्पांना हसलो.

मग काकांनी कवितासंग्रह काढायचे ठरवले आणि प्रस्तावनेसाठी आमच्याकडे आले. हातात पेढे होते. आम्ही दोघांनी मिळून साडेतीन पाने लिहिली. रविवारच्या एका सकाळी, चाळीस मिनिटांत. 'ग्रामीण संवेदनशीलतेचा सच्चा हुंकार' असे शब्द त्यात आहेत, आणि आज ते वाचताना कान तापतात. फंडाच्या पैशांतून काकांनी ४५ हजार रुपये प्रकाशकाला मोजले. पाचशे प्रती निघाल्या. प्रकाशन समारंभाला आलेले पाहुणे दीड तास उशिरा आले आणि पुस्तक न उघडताच त्यावर बोलले. शंभरएक प्रती भेट गेल्या. उरलेल्या गठ्ठ्यांनी काकांच्या घरच्या माळ्यावर जागा घेतली आहे.

प्रस्तावना कशी लिहावी याचे मराठीतले उदाहरण आम्ही वर्गात दरवर्षी सांगतो, हे आणखी लाजिरवाणे. १९७२ साली नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला, त्याला विजय तेंडुलकरांची प्रस्तावना आहे. तेंडुलकर लिहिण्याआधी ढसाळांबरोबर त्या वस्तीत रात्री हिंडले, न कळलेल्या शब्दांचे अर्थ त्यांनी विचारून घेतले आणि आपल्याला ते कळले नव्हते हे प्रस्तावनेत मोकळेपणाने मान्यही केले. नावाजलेला नाटककार एका तरुण कवीच्या जगात विद्यार्थी होऊन गेला. आम्ही मात्र काकांच्या गाडीत एकदाही बसलो नाही. त्यांच्या जगात आम्हांला न कळलेला एकही शब्द आम्ही त्यांना विचारला नाही.

आपण असे का वागलो याचा विचार करताना एक गोष्ट ध्यानात आली, ती थोडी सविस्तर मांडतो. गावोगावचा मराठी लेखक पूर्वी काय करीत असे? तो कथा लिहून मुंबईला पाठवीत असे. 'सत्यकथे'चे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन साभार परत करताना, किंवा स्वीकारतानाही, लेखकाला सविस्तर पत्रे लिहीत. इथे पात्र उभे राहिलेले नाही, हा शेवट ओढून आणलेला आहे, पुन्हा लिहून पाहा. कित्येक लेखकांचे शिक्षण त्या पत्रांवर झाले. 'सत्यकथे'ची मक्तेदारी अनेकांना काचत होती. १९६९ मध्ये लघुनियतकालिकांतल्या तरुणांनी तिच्या अंकाची होळीही केली, आणि त्यांच्या रागात तथ्य नव्हते असे आम्ही म्हणणार नाही. पण १९८२ साली 'सत्यकथा' बंद पडली तेव्हा एक सोयही संपली. खरे बोलणारा माणूस तोवर दूर राहत असे. त्याची आपली गाठ बाजारात पडत नसे, त्याची मुलगी आपल्या वर्गात नसे, त्याच्या घरच्या मंगलाष्टकांना आपल्याला जायचे नसे. आता ते खरे बोलण्याचे काम सतरंजीवर शेजारी बसलेल्या माणसावर आले, आणि शेजाऱ्याला ते जड जाते.

जुन्या मंडळांपुढेही ही अडचण होतीच. पुण्यात १९२३ साली रविकिरण मंडळ जमले. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे आणि मनोरमाबाई रानडे ही मंडळी चहाच्या निमित्ताने एकत्र येत आणि कविता वाचीत. तिथेही परस्परांचे कौतुक झालेच असणार. परंतु त्यांच्यात माधव जूलियनांसारखा पुढे 'छंदोरचना' लिहिणारा माणूस बसलेला होता, त्याच्यासमोर मात्रा चुकवून सुटका होणे अवघड. आणि घरात जे कोणी बोलले नसेल ते आचार्य अत्र्यांनी 'झेंडूची फुले' लिहून भर रस्त्यात सांगितले. टिंगल कडू होती, पण तिला बाहेरची हवा होती. आमच्या मंडळाची टिंगल करण्याइतके आम्हांला कोणी वाचलेलेच नाही.

आणखी एक सवय आमच्या भागाला आहे, ती ऐकण्याची. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार यांनी गावोगावी कथाकथन केले, त्यातून कथेची गोडी लागलेली एक पिढीच आमच्याकडे आहे. त्या तिघांच्या कथा कागदावर आधी उभ्या होत्या, हे मात्र आम्ही सोयीस्कर विसरलो. आमच्याकडे रचना कानावर येते आणि हवेत विरते. चांगल्या आवाजाखाली लंगडी ओळ झाकली जाते. हळू आवाजात वाचलेले चांगले वाक्य कोणाच्या लक्षातही येत नाही. त्या वहीच्या कोऱ्या पानांवर लिहिणाऱ्या बाई फार हळू वाचतात. त्यांचे गद्य किती नेटके आहे हे आम्हांला सहाव्या वर्षी कळले, तेही वही घरी नेली तेव्हा.

अमेरिकेत आयोवा विद्यापीठात १९३६ पासून लेखनाची कार्यशाळा चालते. तिथून जगभर पसरलेली रीत अशी, की मजकूर सर्वांनी आधी वाचून यायचे, चर्चा चालू असताना लेखकाने गप्प बसायचे. दिलीप चित्रे १९७५ मध्ये तिथल्या आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रमाला गेले होते. ही रीत जशीच्या तशी उचलावी असे आम्ही म्हणत नाही. तिथली माणसे अभ्यासक्रम संपला की पांगतात. आम्ही पांगत नाही, पुढचा दुसरा रविवार ठरलेलाच असतो. तरी मजकूर आधी वाचावा, एवढा भाग घ्यायला हरकत नव्हती.

हे सगळे शहाणपण नंतरचे. त्याआधी काय झाले ते सांगायचे राहिले. गेल्या वर्षी दिवाळीनंतर काका आमच्याकडे आले, खुर्चीवर बसले, आणि म्हणाले, "सर, मॅडम, आता खरं सांगा. पुस्तक कसं आहे?" दुकानदारांनी प्रती परत केल्या होत्या. आम्ही एकमेकांकडे पाहिले. मग सांगितले: कविता साध्या आहेत, ऐकलेल्या आहेत, तुमच्या नाहीत, तुमचे जे आहे ते तुम्ही चहा पिताना बोलता. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. निघताना दारात चपला घालता घालता एवढेच म्हणाले, "मग तेव्हाच का नाही सांगितलंत? पंचेचाळीस हजार वाचले असते की."

याला आमच्याजवळ उत्तर नव्हते. त्यांचे मन दुखावू नये म्हणून, असे म्हणणे सोपे होते, पण ते खोटे होते. आमचे मन दुखावू नये म्हणून आम्ही बोललो नव्हतो. मंडळात आम्हांला मान आहे, प्रत्येक प्रकाशनाला व्यासपीठावर खुर्ची आहे. खरे बोलणाऱ्याची ती खुर्ची किती दिवस राहील याची धास्ती आम्हांलाच होती.

काका तीन बैठकांना आले नाहीत. त्या तीन महिन्यांत आम्ही मंडळापुढे दोन गोष्टी मांडल्या. वाचायच्या मजकुराच्या झेरॉक्स प्रती आठवडाभर आधी वाटायच्या, खर्च चहाच्या पैशांतून. आणि मंडळातल्या कोणाच्याही पुस्तकाला आम्ही यापुढे प्रस्तावना लिहिणार नाही. पहिलीवर दोन तास वाद झाला. तलाठीसाहेब म्हणाले, "इथं आम्ही आनंदाला येतो, परीक्षेला नाही." त्यांचे चूक नव्हते. शिक्षकांपैकी एकाने येणे बंद केले आहे आणि त्यांचा नमस्कारही तुटला आहे. दुसरी गोष्ट मात्र सर्वांनी निमूट मान्य केली. आमच्या प्रस्तावनांविषयी लोकांचे मत आमच्याआधीच ठरलेले असावे.

झेरॉक्सची रीत लंगडत चालली आहे. निम्मे लोक वाचून येतच नाहीत. 'छान' हा शब्द गेलेला नाही, आणि तो जावा असा आमचा आग्रहही नाही. फक्त त्याच्यानंतर आणखी एखादे वाक्य यावे.

चौथ्या बैठकीला काका आले. शेंगदाण्याचा पुडा सतरंजीवर मधोमध ठेवला आणि मागे भिंतीला टेकून बसले. तेव्हापासून ते येतात, पण वाचत नाहीत. आम्ही विचारलेले नाही. गेल्या महिन्यात आमच्या वर्गातल्या एका मुलाने आईवर कविता वाचली. वात्सल्य, माया, सागर, सगळे होते. प्रथेप्रमाणे 'वा' झाले. तेवढ्यात मागून काकांनी विचारले, "बाळ, तुझी आई कुठल्या गावची?"

मुलगा गोंधळला. मग म्हणाला, जतकडची. पाणी नव्हते म्हणून आजोबांनी गाव सोडले. आई सात वर्षांची असताना ऊसतोडीच्या टोळीबरोबर इकडे आली, आणि पाचटाच्या खोपीत राहून शाळेत जात होती. काकांनी आणखी विचारले, कुठल्या गाडीने आली, कोणत्या महिन्यात. मुलगा सांगत राहिला. यातले कवितेत काहीच नव्हते. त्या दिवशीच्या इतिवृत्तात आम्ही कवितेविषयी एक ओळ लिहिली आहे आणि काकांच्या प्रश्नांविषयी सव्वा पान.