हलक्या लाकडी घराला दरसूचीत जागा द्या

मा. सचिव,
सार्वजनिक बांधकाम विभाग, महाराष्ट्र शासन,
मंत्रालय, मुंबई.



केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने १९९३ साली आपल्या इमारतींत लाकूड वापरण्यावर बंदी घातली होती. ती २०२० मध्ये उठली. तरी आपल्याकडच्या सरकारी अंदाजपत्रकात लाकूड अजून बहुधा दारा-खिडक्यांच्या चौकटींपुरतेच येते. कोयना आणि किल्लारीसारख्या भूकंपप्रवण भागांतील एकमजली-दुमजली इमारतींसाठी हलक्या लाकडी सांगाड्याची बांधणी राज्य दरसूचीत घ्यावी, एवढीच मागणी या पत्रात आहे. ही बांधणी म्हणजे वाड्याचे जाडजूड खांब आणि तुळया नव्हेत. अमेरिकेत आणि कॅनडात बहुतेक स्वतंत्र घरे अशीच उभी राहतात: साधारण ३८ बाय ८९ मिलिमीटरच्या पट्ट्या चाळीसेक सेंटीमीटर अंतराने उभ्या करायच्या आणि त्यांवर प्लायवूडचे तक्ते जवळजवळ खिळे मारून ठोकायचे. भार एका खांबावर येत नाही, भिंतभर वाटला जातो.

मुद्दा वजनाचा आहे. जमीन हलते तेव्हा इमारतीवर येणारे बल तिच्या वजनाच्या प्रमाणात वाढते. काँक्रीटचे वजन घनमीटरला सुमारे २,४०० किलो, पाइनचे साधारण ५००. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत हजारो माणसे गेली ती दगड-मातीच्या रुंद भिंती आणि माळवदावर वर्षानुवर्षे चढवलेली माती यांच्याखाली. अनेक घरांत भिंती ढासळल्या, पण आतला खणांचा लाकडी सांगाडा उभा होता. पुनर्वसनात मात्र सिमेंट आले आणि लाकूड दगडाबरोबरच बाद झाले. आसामने १८९७ च्या महाभूकंपानंतर उलट वाट धरली. लाकडी चौकटी, त्यांत इकरा नावाच्या बोरूच्या भिंती, वर पत्रा, अशी घरे तिथे रूढ झाली आणि पुढच्या धक्क्यांत त्यांनी माणसे वाचवली.

लाकूड असले की झाले, असे मात्र नाही. १९९५ च्या भूकंपात जपानमधल्या कोबेत कोसळलेल्या घरांत जुनी लाकडी घरेच फार होती. वर मातीत बसवलेली जड कौले, खाली तिरका आधार नसलेले खांब. म्हणजे आपल्या माळवदाचीच चूक. त्याच शहरातली तक्ते ठोकलेली ‘टू बाय फोर’ घरे बरीच सावरली. जपानने ही पद्धत १९७४ सालीच नियमांत बसवली होती. कोबेच्या आदल्या वर्षी अमेरिकेत नॉर्थरिजच्या भूकंपात लाकडी इमारतीही पडल्या, कारण तळमजला पार्किंगसाठी मोकळा सोडला होता. तेव्हा दरसूचीत नुसते लाकूड नको, तक्ते, खिळ्यांतले अंतर आणि पायाशी जखडणारे बोल्टही हवेत.

पहिला आक्षेप जंगलाचा येईल, आणि तो रास्त आहे. पण या सांगाड्याला जुन्या वृक्षाचा बुंधा लागतच नाही. वनविकास महामंडळाच्या साग लागवडीत ठरावीक वर्षांनी विरळणी होते आणि तिच्यातून बारीक लाकूड निघते. फर्निचरवाल्याला त्याचे मोल कमी, लहान छेदाच्या पट्ट्यांना ते चालण्यासारखे. शेताच्या बांधावरच्या निलगिरीचेही तसेच, मात्र ती नीट वाळवावी लागते. कोरड्या लाकडाच्या वजनाचा जवळपास निम्मा भाग कार्बन असतो आणि घर उभे आहे तोवर तो तिथेच राहतो. सिमेंट भाजताना मात्र कर्बवायू हवेत जातो.

वाळवीचा आक्षेप त्याहून खरा आहे. कोवळ्या सागात बाहेरचे पांढरे लाकूड जास्त असते आणि वाळवी त्याला सोडत नाही. म्हणून रसायन मुरवलेले लाकूड, उंच जोते आणि जोत्यावर धातूची पट्टी यांना सूट देता कामा नये. कोकणातल्या पावसात ओलावा वीस टक्क्यांखाली ठेवायचा तर रुंद वळचण आणि भिंतीमागे हवेला वाट हवी. आगीला जिप्समचे तक्ते काही काळ थोपवतात. उन्हाचे म्हणाल, तर मराठवाड्यात हलकी भिंत लवकर तापेल, म्हणून पट्ट्यांमधल्या पोकळीत उष्णतारोधक भरणे सक्तीचे करावे लागेल. खर्च सुरुवातीला जास्तच येईल. वाळवण्याच्या भट्ट्या कमी आहेत आणि हे काम केलेले सुतारही कमी आहेत. पण सरकारी मागणीशिवाय भट्टी टाकणार कोण?

राष्ट्रीय इमारत संहितेत लाकडावर स्वतंत्र प्रकरण आहे, त्यामुळे नियम नाहीत ही सबब चालणार नाही. कोयनेच्या भूकंपाचा १९६७ चा धक्का सोसलेल्या पाटण तालुक्यात पुढची एखादी अंगणवाडी या पद्धतीने बांधा, तिचा खर्च आणि पाच पावसाळ्यांनंतरची तिची स्थिती जाहीर करा, आणि तोवर दरसूचीत निदान तात्पुरता दर तरी नोंदवा.

कळावे,
आपला,
एक नागरिक